आत्याचा पट्टा, आईचे पाय

माझं चष्म्याचं दुकान आहे आणि दुकानाच्या वरच आमचं घर. घरात आम्ही तिघी. मी, माझी आई आणि माझी आत्या. आई सत्तरीची, आत्या बहात्तरची. आत्या शाळेत कवायत शिकवायची. तिला निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण अजूनही रस्त्यात एखादा टक्कल पडलेला गृहस्थ तिला बघून पोट आत घेतो आणि ताठ उभा राहतो. मुलं तिला शिट्टीबाई म्हणायची. लग्न तिने केलं नाही. "दिवसभर सहाशे जण माझं ऐकतात, न ऐकणारा एक कशाला आणू?" असं ती म्हणे. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, आणि तेव्हापासून घरात नणंद-भावजयीचं जे काही चाललंय त्याला भांडण म्हणावं की करमणूक, ते मला ठरवता आलेलं नाही.

वृद्धांच्या दवाखान्यातून एक मुलगी माझ्या दुकानाच्या काचेवर कागद लावून गेली, तिथून हे सगळं सुरू झालं. म्हातारी माणसं चष्म्यासाठी येतात, कागद वाचतील, हा तिचा हिशोब. कागदावर लिहिलं होतं की मेंदूतले बदल आणि चालणं यांचा काही संबंध आहे का, याचा अभ्यास चाललाय, त्यासाठी सत्तरीच्या पुढची, स्मरणशक्ती ठणठणीत असलेली माणसं हवी आहेत.

आत्याने 'ठणठणीत' हा शब्द वाचला आणि तो आपल्यालाच उद्देशून आहे असं धरून चालली.

"वहिनी, तू पण चल," ती आईला म्हणाली.

"मला नाही वेळ," आई म्हणाली. "मी दिवसभर चालतेच. ते कुणाला दाखवायला कशाला जाऊ?"

हे खरं होतं. आई दिवसातून दहा वेळा जिना उतरून दुकानात यायची. डबा दे, चहा दे, तयार चष्मे पिशव्यांत भरून दे, कुणाच्या फ्रेमचा पडलेला स्क्रू फरशीवरून शोधून दे. आत्या मात्र त्या आठवड्यात जरा बसून होती. माळ्यावरची बॅग काढायला स्टुलावर चढली आणि तिथून पडली, गुडघा सुजला. ही गोष्ट तिने आम्हाला कळू दिली नव्हती. विचारलं तर "पाऊल जरा अवघडलंय" एवढंच.

दवाखान्यात मी तिला घेऊन गेले. पहिल्या दिवशी मेंदूचा स्कॅन झाला, मग आठवणीची परीक्षा. पंधरा शब्द ऐकवायचे आणि अर्ध्या तासाने विचारायचे. आत्याने पंधराच्या पंधरा सांगितले, तेही उलट्या क्रमाने, कुणी सांगितलेलं नसताना. मग चालण्याची पाळी आली. एका लांब खोलीत राखाडी रबरी पट्टी अंथरली होती आणि तिच्या पोटात पाऊल कुठे, किती वेळ पडलं हे टिपणारी यंत्रं होती. आधी नुसतं चालायचं, मग शंभरातून तीन-तीन वजा करत चालायचं.

"पाय दुखतात का?" डॉक्टरांनी विचारलं. डॉक्टर म्हणजे माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान बाई, केस वर गुंडाळून त्यात पेन खोचलेलं.

"माझ्या पायांची ती हिंमत नाही," आत्या म्हणाली, आणि चालली. सगळे आकडे बरोबर आले, पण गोगलगायीच्या वेगाने. गुडघा वाकतच नव्हता, त्याला ती तरी काय करणार.

तिच्यानंतर एका निवृत्त पोस्टमनचा नंबर होता. वय शहात्तर. चाळीस वर्षं पत्रं वाटलेला माणूस. पट्टीवरून असा सुटला की डॉक्टरांना बाजूला व्हावं लागलं. "सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव, नव्वद, शहाऐंशी..." वजाबाकी साफ चुकत होती, पण तो थांबत नव्हता. दुसऱ्या टोकाला पोचल्यावर त्याने आत्याकडे बघितलं आणि अगदी मायेने म्हणाला, "बाई, आरामात. घाई कुणाला आहे?"

मला वाटतं, आत्याला आयुष्यात 'आरामात' म्हणणारा तो पहिलाच माणूस असावा.

परीक्षेचा शेवटचा भाग घरी करायचा होता. काड्यापेटीएवढं एक यंत्र, रुंद इलॅस्टिकच्या पट्ट्याला शिवलेलं. ते सात दिवस कमरेला बांधायचं, फक्त अंघोळीला काढायचं. तुम्ही किती चालता, कसे चालता, वळता कसे, उठता कसे, सगळं त्यात टिपलं जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना आत्याने तो पट्टा टेबलावर ठेवला.

"वहिनी, तू दिवसभर खाली-वर करतेस ना?"

"करते. कुणीतरी करायला हवं."

"मग हे कमरेला बांधून कर."

मी तोंड उघडलं. दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

आईने पट्टा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. "वन्सं, ही लबाडी आहे," ती म्हणाली. आई आत्याला अजून 'वन्सं'च म्हणते, विशेषतः तिची फिरकी घ्यायची असेल तेव्हा.

"त्या टपालवाल्याला दाखवायचंय मला. पाऊल अवघडलं नसतं तर मीच दाखवलं असतं."

"मग सात दिवस भांडी तुम्ही घासायची. कपड्यांच्या घड्या तुम्ही करायच्या. आणि सात दिवस मला 'अहो वहिनी' म्हणायचं."

"काहीच्या काही!"

"मग हा घ्या तुमचा पट्टा."

"बरं, बरं. अहो वहिनी, बांधा."

आईने स्वेटरखाली पट्टा बांधला. ती इतक्या सहजासहजी कधी कुणाचं ऐकत नाही. भाजीवाल्याशीही दहा मिनिटं हुज्जत घातल्याशिवाय पिशवी उघडत नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मी हसत होते.

तो आठवडा मजेत गेला. आई नेहमीपेक्षा दुप्पट चालली. संध्याकाळी ती आमच्या रस्त्याच्या या टोकापासून लॉन्ड्रीच्या कोपऱ्यापर्यंत फेऱ्या मारायची आणि आत्या बाल्कनीत खुर्ची टाकून, शालीखाली गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून, वरून हुकूम सोडायची. "अहो वहिनी, पाय उचला! फरफटू नका! हात हलू द्या!" समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत येऊन उभे राहायचे.

आईला रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की ती थांबायची. गप्पा मारायला थांबणं ठीक, पण कुणी लांबून नुसतं "कसं काय?" विचारलं तरी ती जागच्या जागी उभी राहून "बरं आहे" म्हणायची आणि मग पुढे निघायची. एकदा तर रस्ता ओलांडतानाच उभी राहिली. एका सायकलवाल्याने घंटी वाजवून वाजवून तिला वळसा घातला.

"अहो थांबताय काय!" आत्या वरून ओरडली. "चालता चालता बोला!"

आई फुटपाथवर आली, मान वर केली आणि म्हणाली, "बोलू की चालू? एक काय ते सांगा!"

समोरची गॅलरी हसली. मीही दुकानाच्या दारात उभी राहून हसले. माझा धंदा माणसांच्या चेहऱ्याचा. कुणाचं नाक बसकं, कुणाचा एक कान वर, कुणाची नजर कशी बदलली, हे मला दारातून कळतं. मानेच्या खाली मी कुणाकडे कधी नीट बघितलंच नव्हतं, आईकडेसुद्धा.

पट्टा परत दिला आणि तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी बोलावलं. या वेळी आईही आली. आत्याचा विजय बघायला येते म्हणाली. बाहेरच्या बाकावर पोस्टमन आधीच बसला होता, हातातल्या कागदाने वारा घेत. आईला त्याच्या शेजारी बसवून आम्ही दोघी आत गेलो.

"स्कॅन एकदम स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "स्मरणशक्तीबद्दल तर बोलायलाच नको. आणि पावलं म्हणाल तर आतापर्यंतच्या लोकांत सगळ्यांत जास्त तुमची."

"पोस्टमनपेक्षा जास्त?"

"हो, पण तसं मी सांगायला नको होतं."

आत्या अशी फुलली की खुर्ची अपुरी पडली. ती उठायलाच लागली होती, तेवढ्यात डॉक्टर म्हणाल्या, "बसा. मला एक कोडं सुटत नाहीये."

त्यांनी आमच्यापुढे दोन कागद ठेवले. एकावर छोट्या उभ्या रेघा होत्या, अगदी सारख्या अंतरावर, फूटपट्टी ठेवून मारल्यासारख्या. दुसऱ्यावरच्या रेघा कुठे दाट, कुठे विरळ.

"ही पहिली तुमची इथली चाल. हळू आहे, एक पाय तुम्ही जपताय, पण पाऊल न् पाऊल सारखं. ही दुसरी घरची. वेग ठीक आहे, पण एक पाऊल लांब, एक आखूड. मागे वळायला तुम्हाला इथे तीन पावलं लागली, घरी सात-आठ. आणि मध्येच थांबणं. पुन्हा पुन्हा थांबणं."

"त्याचं काय एवढं?" मी विचारलं.

"चालायला पाय लागतात तसा मेंदूही लागतो. तोल, लक्ष, वळायचं कधी, पाऊल टाकायचं कुठे, हे सगळं तिथून येतं. अल्झायमरमध्ये मेंदूत एक प्रकारचं प्रथिन साचायला लागतं, विसरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी. काहींच्या बाबतीत त्याची चाहूल आठवणींच्या आधी चालण्यात लागते का, तेच आम्ही शोधतोय. नुसत्या चालण्यावरून काही ठरत नाही, कारणं दहा असू शकतात. पण अशी चाल दिसली की मी स्कॅन नीट बघते. आणि तुमचा स्कॅन तर स्वच्छ!" त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी सरकवले. "जणू दोन वेगळी माणसं चालली आहेत."

मी आत्याकडे बघितलं. छत्तीस वर्षं जिने कॉपी करणाऱ्या मुलांना कान धरून उभं केलं, ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

"डॉक्टर," ती म्हणाली, "यंत्र बरोबर आहे. माणूस चुकीचं आहे."

आणि तिने सगळं सांगून टाकलं. स्टूल, गुडघा, पोस्टमन, भांडी घासण्याची अट, सगळं. डॉक्टरांचा चेहरा आधी लाल झाला. एक अख्खा आठवडा वाया गेला होता त्यांचा, त्या रागावल्या आणि ते बरोबरच होतं. मग एकदम त्यांचा हात त्या दुसऱ्या कागदावर गेला.

"त्या कुठे आहेत आत्ता?"

दाराला काच होती. काचेपलीकडे आई बाकावरून उठून पाण्याच्या नळाकडे निघाली होती. नळाशी गेली, पेला भरला आणि परत फिरली. फिरताना एक छोटं पाऊल, आणखी एक, आणखी एक, घड्याळाचा काटा सरकावा तशी. तेवढ्यात पोस्टमन काहीतरी म्हणाला आणि आई पेला धरून मध्येच उभी राहिली. त्याला उत्तर दिलं, मग निघाली.

तिघी काचेतून बघत होतो. मी माझ्या आईला पहिल्यांदा चालताना बघितलं.

"मी सांगणार तिला," आत्या म्हणाली. "मध्ये कुणी तोंड घालायचं नाही."

घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आईला बसवलं आणि स्वतः उभी राहिली. बसून तिला महत्त्वाचं काही बोलताच येत नाही.

"वहिनी, माझा गुडघा... मी स्टुलावरून पडले होते."

"ठाऊक आहे. स्टूल उलटं पडलं होतं, मीच उचलून ठेवलं."

"बोलली नाहीस?"

"तुम्ही लपवताय म्हटल्यावर कशाला बोलू? मजा बघत होते."

आत्याने दोनदा घसा खाकरला. मग तिने ते दोन कागद काढून टेबलावर ठेवले. डॉक्टरांकडून मागून आणले होते. एका कागदावर बोट ठेवून म्हणाली, "ही मी." दुसऱ्यावर बोट ठेवलं, आणि तिथेच थांबली.

आईने चष्मा डोळ्यांवर चढवला. त्या दाट-विरळ रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं घरातली तुमची कामं मी करत आले, आणि आता तुमचं दुखणंही मीच काढलं म्हणायचं!"

आणि ती हसायला लागली. आत्याला काय करावं कळेना. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आई हसत होती.

"हसतेस काय, वहिनी! मी तुला यात घातलं."

"तुम्ही कसलं घालताय? मी स्वतः आले." आईने चष्मा काढला. "सहा-सात महिने झाले. जिना उतरताना पाय जरा थांबतात. त्यांना निरोप उशिरा पोचतो म्हणा ना. भिंत धरल्याशिवाय वळवत नाही. मला बघायचं होतं काय आहे ते. पण माझ्या नावावर नको होतं. वाटलं, तुमच्या नावावर जाऊ दे. चांगलं निघालं तर चांगलंच, आणि वाईट निघालं तर तुम्ही त्या डॉक्टरशी अशा भांडाल की ती कागद फाडून टाकेल."

"म्हणून लगेच हो म्हणालीस?" मी विचारलं.

"मग काय! वर भांडी फुकट घासून मिळाली."

"आणि मी तिथे कबूल करून बसले," आत्या म्हणाली.

"तिथेच घोळ केलात. तुम्ही खरं बोलाल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं."

पुढच्या महिन्यात आईच्या तपासण्या झाल्या, या वेळी तिच्या नावावर. पंधरापैकी अकरा शब्द आठवले, म्हणजे वयाच्या मानाने तसे ठीक. स्कॅनमध्ये मात्र ते प्रथिन दिसलं. सुरुवात आहे, असं डॉक्टर म्हणाल्या. पुढे किती वेगाने जाईल, कुणालाच नक्की सांगता येत नाही, काहींचं वर्षानुवर्षं फारसं बिघडत नाही, काहींचं बिघडतं. औषधांबद्दल त्या बोलल्या, रक्तदाब सांभाळा म्हणाल्या, कमी ऐकू येणंही मेंदूला बाधतं, तेव्हा कान तपासून घ्या म्हणाल्या, आणि रोज चाला, तोल सांभाळण्याचे व्यायाम करा, पडू मात्र नका. खोटा धीर त्यांनी दिला नाही, आणि त्याबद्दल मला त्या आवडल्या.

"व्यायाम" हा शब्द ऐकून आत्याचे डोळे चमकले आणि आईने कपाळाला हात लावला.

तेव्हापासून रोज चार वाजता आमच्या घरात कवायत असते. एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत चालणं. आईसारखी वात्रट विद्यार्थिनी आत्याला छत्तीस वर्षांत मिळाली नसेल. चार वाजायला पाच मिनिटं असली की ती माझ्या दुकानात उतरते आणि फ्रेमच्या कपाटामागे बसते. "गिऱ्हाईक आहे म्हणून सांग," असं कुजबुजते. आत्या वरून येते, गुडघा आता बरा आहे तिचा, आणि रिकाम्या दुकानाकडे बघून विचारते, "कुठलं गिऱ्हाईक? काळा चष्मा लावून अदृश्य झालंय का?"

चालता चालता बोलण्याचा सराव करायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, भर रस्त्यात नाही, घरात किंवा बागेत. प्राण्यांची नावं घ्या म्हणाल्या. आई तीन प्राण्यांत थांबायची. गाय, कुत्रा, मांजर, आणि पाय बंद. आत्याने आठवडाभर वाघ-सिंहांपासून मुंगसापर्यंत सगळं करून बघितलं. मग एके दिवशी वैतागून म्हणाली, "जाऊ दे प्राणी. तुला न आवडणाऱ्या नातेवाइकांची नावं घे."

आई बागेची पूर्ण फेरी मारून आली. एकदाही थांबली नाही. सासरच्या माणसांपासून सुरू झाली होती आणि परत आली तेव्हा अजून माहेरच्या माणसांपर्यंत पोचायची होती.

"माझं नाव कितवं होतं?" आत्याने विचारलं.

"तुमचं पहिलंच. म्हणून तर पाय उचलला."

वर्ष झालं याला. सगळं छान चाललंय असं मी म्हणणार नाही. मोठा रस्ता आई आता एकटी ओलांडत नाही, हे तिनेच ठरवलं, आम्हाला सांगावं लागलं नाही. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावून घेतला. चष्मे पिशव्यांत भरताना मध्यंतरी दोन गिऱ्हाइकांच्या चष्म्यांची अदलाबदल झाली. एकाने दुसऱ्याचा घालून दोन दिवस पेपर वाचला आणि बरं दिसतंय म्हणाला. पण आई त्यावर हसली नाही, आणि तेव्हापासून पिशव्यांवर नावं मी लिहिते.

काल त्या दोघी फिरायला गेल्या आणि तास उलटून गेला तरी परत येईनात. मी दुकानाच्या दारात चार वेळा येऊन गेले. शेवटी कोपऱ्यावरून येताना दिसल्या. आई पुढे, आत्या मागे, आत्याचा चेहरा उतरलेला.

"ह्यांनी रस्ता चुकवला," आई दारातूनच म्हणाली. "ठणठणीत स्मरणशक्तीवाल्या! बोलण्याच्या नादात भलत्याच गल्लीत शिरल्या. मीच शोधून घरी आणलं ह्यांना."

"खरंय," आत्या खाली मान घालून म्हणाली. "मी बडबडत होते. ही पुढे झाली आणि मला घेऊन आली." आणि ती जिना चढून चहा ठेवायला गेली. इतकी गुपचूप मी तिला कधी बघितली नव्हती.

आई गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली. जिन्यावरचा पावलांचा आवाज थांबेपर्यंत वाट बघितली, मग मला खुणेने जवळ बोलावलं.

"त्यांना सांगू नकोस," ती माझ्या कानात म्हणाली. "रस्ता मलाही आठवत नव्हता. मी आपली ताठ मानेने पुढे चालत राहिले आणि एका शिंप्याला विचारलं."